पहिला अर्थ

ओगलेबाईंच्या वर्गात शब्दकोशाला बंदी होती. शिक्रापूरच्या चौकात, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या कोरियन शिकवायच्या. आसपासच्या कारखान्यांतली मुलंमुली पाळी सुटली की गणवेशातच तिथे यायची. दारातून आत येताना फोन आणि कानात भाषांतर सांगणारी बटणं बाईंच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणायच्या, "यंत्र अर्थ सांगेलच रे. पण सांगून झालं की ते निघून जाईल, आणि तू होतास तिथेच राहशील."

मयूरी ढमढेरेला सुरुवातीला हा सगळा प्रकार वेळखाऊ वाटला. रांजणगावच्या एका कोरियन कारखान्यात ती गुणवत्ता तपासणी विभागात इंजिनीअर होती. चांगवन शहरातल्या मूळ कारखान्यात दोन वर्षांसाठी माणसं निवडायची होती. तिथल्या यंत्रशाळेत गुप्ततेपायी कानातली बटणं चालत नव्हती. भाषा डोक्यातच असायला हवी होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि बाई मात्र एकेका परिच्छेदावर अर्धा अर्धा तास घालवायच्या.

"अडलात? छान. आता मागे जा, पुढे जा. शेजारचे शब्द काय सांगतायत बघा. शब्द फोडून बघा. हाक म्हणजे शिकणं. हाक्क्यो शाळा, हाक्सेंग विद्यार्थी. मग हाक्वन काय असेल?"

"शिकायची जागा. क्लास," मयूरी म्हणाली.

"बरोबर. आणि ब्योंग म्हणजे आजार, तर ब्योंगवन?"

"हॉस्पिटल."

"वा! मग गोंगवन म्हणजेही कसली तरी इमारतच असणार, नाही का?" बाई हसायच्या. "फसलात. गोंगवन म्हणजे बाग. तिथला वन वेगळा. म्हणून म्हणते, अंदाज जरूर करा, पण सैल धरा. शब्द आणखी दोन-तीन ठिकाणी भेटू दे, तो स्वतःच तुमची चूक दुरुस्त करेल. तोवर मी बरोबर की चूक काही सांगणार नाही."

आणि त्या खरोखरच सांगत नसत. कुणी वाटेल तो अर्थ सांगितला तरी "असू दे, सध्या एवढंच धर," म्हणून पुढे जायच्या. हळूहळू मुलांना कळायचं की पहिल्या भेटीतला अर्थ दुसऱ्या भेटीत थोडा सरकतो, तिसऱ्या भेटीत आणखी सरकतो, आणि मग तो शब्द आपला होतो. रस्ता लांबचा होता, पण त्यावरून गेलेली मुलं भाषा विसरत नव्हती.

मयूरीकडे तेवढा वेळ नव्हता. वर्गात तिच्या शेजारी विहंग पोटे बसायचा. हिंजवडीतल्या एका नव्या कंपनीत तो यंत्रं बनवायचा. एके दिवशी जिना उतरताना त्याने तिला खिशातून नखाएवढी एक चकती काढून दाखवली.

"कानाच्या आतल्या कडेला लावायची. केसांत दिसतही नाही. सोबत हा चष्मा. पुढच्या वर्षी बाजारात येईल. आत्ता वापरून बघणारी माणसं हवीत आम्हाला."

"करते काय ही?"

विहंगने पायरीवर बसून समजावलं. व्हेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू मेंदूपासून पोटापर्यंत जातो आणि त्याची एक बारीकशी फांदी कानात येते. तिला हलका विजेचा स्पर्श केला की निरोप मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. तिथे निळसर पेशींचा एक पुंजका असतो. एरवी अपघात झाला, कुणी जिवाभावाचं गेलं, की तो पुंजका जागा होतो आणि सगळ्या मेंदूला सांगतो, हा क्षण विसरायचा नाही. म्हणून तसले प्रसंग एकदाच घडून जन्मभर लक्षात राहतात. चष्मा वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर नजर ठेवतो. अनोळखी शब्दाशी नजर अडखळते, मागे जाते, बाहुली मोठी होते. अर्थ लागला की बाहुली पुन्हा निवते. नेमक्या त्या क्षणी चकती टिचकी मारते.

"म्हणजे दहा-बारा वेळा भेटल्यावर जो शब्द पक्का होतो, तो एकाच भेटीत होतो," विहंग म्हणाला. "बाईंचीच पद्धत. फक्त वेगात."

"बाईंना सांगायचं?"

"त्यांच्या डब्यात टाकायला लागेल मग," तो हसला. मयूरीही हसली. तिने सांगितलं नाही.

दोन महिन्यांत तिचं वाचन असं सुटलं की वर्ग तोंडात बोट घालून बघत राहिला. भेगा, झीज, सांधा, दाब, गळती. कारखान्याच्या कागदांतला प्रत्येक शब्द पहिल्याच वाचनात आत जाऊन बसायचा. या शब्दांना मुळात एकेकच अर्थ असतो, त्यामुळे तिचे अंदाज चुकतही नसत. बाईंना वाटलं, आपल्या पद्धतीचं इतकं देखणं फळ आजवर मिळालं नव्हतं.

त्याच दिवसांत बाईंनी एक छोटी गोष्ट वाचायला दिली होती. एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या हाताखाली वाढलेला माणूस स्वतःचं दुकान टाकायला निघतो. निरोप घ्यायला येतो. न्हावी एकच शब्द बोलतो, सॉउनहे, आणि आरशाकडे तोंड करून वस्तरा परजत राहतो. माणूस दार लोटून निघून जातो.

"सॉउनहे. काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

मयूरी क्षणभर त्या ओळीवर थांबली. पाठ फिरवलेला न्हावी, वस्तरा, लोटलेलं दार. "पुरे झालं," ती म्हणाली. "आता तुझामाझा संबंध संपला, असं." कानात मुंगी चावल्यासारखं झालं.

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मग स्वतःचाच नियम आठवून म्हणाल्या, "असू दे. सध्या एवढंच धर. पण सैल."

तो शब्द परीक्षेत आला नाही. मयूरी पहिली आली. वडिलांनी तळेगावातल्या आपल्या दुकानात येईल त्याला पेढे दिले, आणि शरद ऋतू लागायच्या आधी ती चांगवनला पोचलीसुद्धा.

कारखान्यापासून जवळच ओ मालसुन नावाच्या साठीच्या बाई खाणावळ चालवायच्या. वरच्या मजल्यावरची खोली त्या भाड्याने देत. नवरा वारला होता, एकुलता मुलगा कॅनडात. सगळे कामगार त्यांना ईमो म्हणायचे. ईमो म्हणजे मावशी. मयूरीला तो शब्द शिकावाच लागला नाही.

मयूरी गोमांस खात नाही हे कळल्यावर ईमोने दुसऱ्याच दिवशी नवा तवा आणला आणि तो वेगळ्या खुंटीला टांगला. "मायुरी-या, हा तुझा," ती म्हणाली. नावापुढे 'या' लावायचा तो पोटच्या पोराच्या किंवा लंगोटीमित्राच्या. खाणावळीत जेवणाऱ्या दुसऱ्या कुणालाच ईमो असं बोलवत नव्हती. संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसून लसूण सोलायच्या. ईमोच्या बोलीतले शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हते. मयूरी ते चष्म्याशिवाय, चकतीशिवाय, दहा वेळा चुकून शिकली. ईमो प्रत्येक चुकीला मांडीवर थाप मारून हसायची. मयूरीने तिला थालीपीठ करून घातलं, तर ईमोने ते चारचौघांत मिरवलं. "माझ्या पोरीने केलंय."

एका रविवारी कॅनडाहून फोन आला. मुलगा यंदाही येणार नव्हता. ईमो ऐकत होती. शेवटी फोनमध्ये म्हणाली, "सॉउनहे." आणि फोन ठेवून भांडी घासायला गेली.

मयूरीला ते ऐकून धक्का बसला. पोटच्या मुलाला एका शब्दात तोडून टाकलं? तिने ईमोच्या पाठीकडे बघितलं. एवढी प्रेमळ दिसणारी बाई आतून इतकी कठोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. खरं तर इथेच तिला शंका यायला हवी होती. बाईंच्या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीला आली असती. फोनवरच्या आवाजातला ओलावा, लगेच पुढच्या रविवारी पुन्हा तितक्याच मायेने झालेलं बोलणं, हे पाहून तिचा अर्थ जरा हलला असता, सरकला असता. मयूरीच्या डोक्यात तो शब्द खिळ्यासारखा बसला होता. शब्द वाकत नव्हता, म्हणून समोरची माणसं वाकडी दिसायला लागली. फोनमध्ये बघून घेणंही तिला सुचलं नाही. येणारा शब्द कोण कशाला शोधेल?

मग छुसॉकचा सण आला. कोरियात त्या दिवशी घरची माणसं एकत्र जेवतात. तांदळाच्या पिठाची, आत तिळगुळासारखं सारण भरलेली अर्धचंद्र सोंगप्योन करतात. आपल्या करंजीच्या बहिणीच म्हणा ना. ईमोने आठवडाभर आधी विचारलं होतं, "दुपारी जेवायला असशील ना?" मयूरी सहज "हो" म्हणून गेली. त्या सकाळी कारखान्यातल्या मुली बुसानच्या समुद्रावर निघाल्या आणि तिला ओढून घेऊन गेल्या. कळवायचं राहिलं. आठवण झाली तेव्हा फोनची बॅटरी संपलेली होती आणि समोर समुद्र होता.

ती परतली तेव्हा दिवस मावळत होता. खाणावळ बंद होती. आत एका टेबलावर दोनच पानं मांडलेली, वर जाळी झाकलेली. वेगळा तवा खाली उतरलेला होता. ईमो मोरीपाशी उभी होती.

"ईमो, मला माफ करा, त्या सगळ्याजणी..."

ईमोने मागे वळून बघितलं नाही. नळ चालूच ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मायुरी-या, सॉउनहे."

मुलाला बोलली तेच. एकदा जेवायला आले नाही, एवढ्यावरून? आपण काय हिच्या कुणी लागून गेलो होतो? भाडं देतो, जेवणाचे पैसे देतो. तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. ती जिना चढून खोलीत गेली. टेबलावरच्या सोंगप्योनना तिने हात लावला नाही.

महिना संपायच्या आत तिने कंपनीच्या वसतिगृहात जागा मिळवली. सामान उतरवताना ईमो दारात उभी होती. "अशी अचानक गेलीस तर सॉउनहे ना गं," ती म्हणाली. मयूरीला ऐकू आलं, जातेस तर एकदाची जा. तिने वाकून नमस्कार केला, ग्राहक करतो तसा, आणि टॅक्सीत बसली.

वसतिगृहाच्या फाटकावर दोनदा डबा आला. मयूरीने डबे धुऊन, रखवालदाराकडून रिकामे परत पाठवले. तळेगावात तिच्या घरी डबा कधी रिकामा परत करत नसत, हे तिला माहीत होतं. नव्या वर्षाला ईमोचा संदेश आला, "तुझं काहीच कळत नाही. सॉउनहे." मयूरीने तो पुसून टाकला. स्वतःच संबंध तोडायचा आणि वर पुन्हा पुन्हा तोडल्याचं कळवत राहायचं, ही कुठली रीत, असं ती मैत्रिणीला म्हणाली. त्यानंतर संदेश आला नाही.

दोन वर्षं पूर्ण करून ती परतली. बढती मिळाली. एका संध्याकाळी जिनसेंगच्या गोळ्यांचा डबा घेऊन ती ओगलेबाईंना भेटायला गेली. टायरच्या दुकानावरचा हॉल तसाच होता, मुलं नवी होती. बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि वर्ग चालू ठेवला. वाचन त्याच न्हाव्याच्या गोष्टीचं चाललं होतं. मुलांना तो शब्द आधीच आणखी दोन गोष्टींत भेटून झाला होता. एकीत मुलीचं लग्न होऊन ती सासरी निघते, दुसरीत मित्र वाढदिवस विसरतो.

"मग आता सांगा. तिन्हीकडे बसेल असा अर्थ?"

एक मुलगी म्हणाली, "मन खट्टू होणं?"

"अगदी! आपल्या माणसाने लक्ष द्यावं असं वाटत असतं आणि तो देत नाही, तेव्हा पोटात जे होतं ना, ते. आणि एक लक्षात ठेवा. हा शब्द परक्याला कुणी म्हणत नाही. परक्याकडून आपल्याला काही नकोच असतं. जो आपला आहे त्यालाच..."

"नाही बाई, चुकतंय तुमचं," मयूरी मध्येच म्हणाली.

सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"मी दोन वर्षं राहून आलेय तिथे. स्वतः ऐकलाय मी हा शब्द. तो तोडणारा शब्द आहे. संबंध संपवणारा. माझी घरमालकीण..." ती बोलत गेली. फोन, सण, जिना, दार, संदेश. मराठीत सांगताना प्रत्येक प्रसंग तिच्या तोंडून बाहेर पडत होता आणि प्रत्येक ठिकाणी बाईंनी सांगितलेला अर्थ आपोआप जाऊन बसत होता. 'तू आली नाहीस, मन खट्टू झालं.' 'अशी गेलीस तर वाईट वाटेल ना गं.' 'तुझं काहीच कळत नाही, वाईट वाटतं.' सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. मग तो थांबलाच.

बाईंनी मुलांना लवकर सोडलं.

"तुझा पहिला अर्थ मला आठवतोय," दोघीच उरल्यावर त्या म्हणाल्या. "पण तो इतका टिकायला नको होता. टिकतच नाही कुणाचा."

मयूरीने चकतीचं सांगितलं. बाईंनी टेबलावरचा रिकामा डबा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मला माहीत असतं तर त्याच क्षणी 'चूक' म्हणून ओरडले असते गं. माझी सगळी पद्धत पहिल्या अंदाजाला माफी असते या भरवशावर उभी आहे."

विहंगला तिने दुसऱ्या दिवशी गाठलं. चकती आता घराघरांत पोचली होती. परीक्षांच्या वर्गाबाहेर तिच्या जाहिराती लागल्या होत्या. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तसा तो वाईट माणूस नव्हता.

"डोळ्यांवरून कळतं ते एवढंच, की तुला अर्थ लागला," तो म्हणाला. "कुठला लागला ते नाही कळत. बरोबर लागला तरी बाहुली निवते आणि चुकीचा लागला तरी निवते."

"मग काढून टाक तो."

"काढता नाही येत. त्याच्यावर दुसरा घालता येतो. खरा अर्थ तुला आता माहीत आहेच. पण ऐकल्याबरोबर आधी जुना उठेल. अर्धा सेकंद. मग नवा." तो जरा घुटमळला. "नव्या चकत्यांत आम्ही शब्दकोश जोडलाय. आता असं होत नाही."

"माझं झालं ना," मयूरी म्हणाली.

दिवाळीची सुट्टी जोडून ती चांगवनला गेली. फोन करायचा तिला धीर झाला नाही. फोनवर तोंड दिसत नाही, आणि नुसत्या शब्दांवर तिचा आता विश्वास नव्हता. खाणावळ चालू होती. वर भाड्याचा फलक नव्हता. ईमो थोडी वाकली होती. दारात मयूरीला बघून तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि मग घाईने एप्रनला हात पुसत, "या, या ना. बसा."

मयूरीने बसायच्या आधीच सगळं सांगितलं. गोष्ट, न्हावी, कानातली चकती, चुकीचा अर्थ. जमेल तशा, अडखळत्या कोरियनमध्ये. ईमोला यंत्राचं फारसं कळलं नाही. पण तो शब्द ऐकून या पोरीला काय वाटलं होतं, ते कळलं. तिने तोंडावर हात धरला.

"सणाच्या दिवशी? मी तुला तसं म्हणाले असं वाटलं तुला? घरातून जा असं?"

मयूरीने मान हलवली.

"आणि डब्याच्या वेळी? तेव्हाही?" ईमो खुर्चीवर बसली. "मी समजायचे, म्हातारीची कटकट झाली असेल पोरीला. वरची खोली मग मी दिलीच नाही कुणाला. पुन्हा कोण जीव लावून घेणार."

दोघी रडल्या. ईमोने जेवायला वाढलं, समोर बसून तिला खाताना बघितलं, आई-वडिलांची चौकशी केली. तीन दिवस मयूरी रोज जात राहिली. लसूण सोलला. टीव्ही पाहिला. सगळं छान चाललं होतं, आणि तरी काहीतरी कमी होतं. ते काय, हे तिला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. ईमो बोलायच्या आधी क्षणभर थांबत होती. तोंडापर्यंत आलेलं वाक्य ती उचलून, उलटसुलट करून, मगच खाली ठेवायची. मयूरी एका संध्याकाळी उशिरा पोचली. पान मांडून झालं होतं. ईमोचे ओठ हलले, आणि मयूरीने आतून सगळं अंग आवळून घेतलं. ईमोला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "काही हरकत नाही, काही हरकत नाही. बसा."

"ईमो, बोला ना तुम्हाला हवं ते. मला आता अर्थ माहीत आहे."

"हो, हो. माहीत आहे तुम्हाला," ईमो म्हणाली, आणि वाटीत आणखी सूप वाढलं.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या बसथांब्यापर्यंत ईमो सोडायला आली. हातात कागदात बांधलेला खाऊ होता. बस दिसल्यावर मयूरीने तिचे दोन्ही हात धरले. तिला वाटलं, आता म्हणेल. पुन्हा इतक्या लांब चाललेय, आता तर म्हणेलच. म्हणावं. तो अर्धा सेकंद काळजावर वार झाल्यासारखा जाऊ दे, त्याच्यामागून येणारं तरी पदरात पडेल. ती डोळे न हलवता ईमोच्या तोंडाकडे बघत राहिली.

ईमोने खाऊची पुडी तिच्या हातात दिली, दोन पावलं मागे सरली आणि खाणावळीतून जेवून निघालेल्या कुणाही पाहुण्याला म्हणते तसं, अदबीने, स्वच्छ उच्चारात म्हणाली,

"मायुरी-स्सी, जोसिमी गासेयो." मयूरीताई, सांभाळून जा हं.

हा शब्द मयूरीला बरोबर येत होता. ती वाकली, बसमध्ये चढली, आणि थांब्याकडच्या खिडकीजवळची जागा रिकामी असूनही पलीकडच्या बाजूला बसली.